मानेतला ठिपका

शेवंती तोडता तोडता खुटबावच्या नकुशीच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण पुढं कपातला चहा सांडायला लागला, ब्लाउजचे हूक लागेनात, आणि एक दिवस हातातला विळा कधी गळून पडला ते तिला कळलंच नाही. मग रोहिदासनं, तिच्या नवऱ्यानं, तिला दौंडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मानेचा एमआरआय काढायला सांगितला.

तिथंच घोडं अडलं. लहानपणी लपाछपी खेळताना नकुशी ज्वारीच्या कोठीत उतरली होती आणि वरचं झाकण गच्च बसलं होतं. बाहेर काढलं तेव्हा तिची दातखीळ बसलेली. तेव्हापासून ती मोरीच्या दारालाही आतून कडी लावत नसे. दौंडच्या सेंटरवर मशीनच्या बोगद्यात डोकं गेलं मात्र, तिनं अशी किंकाळी फोडली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. अर्धा तास निपचित पडायचं होतं. ती तशीच घरी आली.

हात मात्र दिवसेंदिवस जड होत गेला. तळेगावच्या बाजारात रोहिदासला कुणीतरी सांगितलं, शिरूरला नवीन सोय झालीय, पाच-सात मिनिटांत सोडतात. त्यानं कशीबशी तिची समजूत घातली.

शिरूरच्या सेंटरवर मशीन चालवणारा सम्राट गोड बोलायचा. "मावशी, आता मशीन थोडंच टिपतं. राहिलेलं चित्र कॉम्प्युटर भरून काढतो. हजारो लोकांचे फोटो दाखवून शिकवलंय त्याला."

"म्हंजी माझं न बघताच भरतो व्हय?"

"अंदाज पक्का असतो त्याचा. घाबरू नका."

तिनं डोळे गच्च मिटले, मनात रानातली सरी न् सरी चालून काढली आणि ती बाहेर आली तेव्हा पाठ घामानं थबथबली होती. पण जमलं होतं! बाकावर बसून ती रोहिदासकडं बघून चक्क हसली.

मागून आलेली माणसं रिपोर्ट घेऊन गेली. यांचं नाव कुणी पुकारेना. नकुशीचं हसू हळूहळू मावळलं. अखेर सेंटरच्या डॉक्टर अक्षदा यांनी दोघांना आत बोलावलं.

"नकुशीताई, मानेच्या मणक्यात, मुख्य नसेला लागून एक ठिपका दिसतोय."

"गाठ हाय?"

"तेच छातीठोक सांगता येत नाही. घाईच्या स्कॅनमध्ये कॉम्प्युटर क्वचित नसलेलं दाखवतो, नाहीतर असलेलं पुसतो. तुम्ही थोड्या हललाही होतात. एवढ्यावरून मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही. तेवढ्या भागाचा फोटो पुन्हा जुन्या पद्धतीनं, सावकाश काढू."

नकुशी उठली आणि बाहेर मोटारसायकलींच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली. रोहिदास मागोमाग आला.

"अवो, घरी चला. मी न्हाई जायाची त्यात."

"चल म्हणलीस तर जाऊ," तो म्हणाला. "पर घरी जाऊन तरी झोप लागंल का तुला? त्यो हाय का न्हाई, हेच डोक्यात फिरंल."

ती सेंटरच्या दाराकडं वळली. मग म्हणाली, "तुमी आत येता का?"

सम्राटनं परवानगी दिली, पण अंगावर लोखंडाचा कण नको म्हणाला. रोहिदासनं किल्ल्या, घड्याळ, पट्टा सगळं काढून ठेवलं आणि एका हातानं पॅन्ट सावरत, दुसऱ्या हातानं तिचा घोटा धरून तो उभा राहिला.

मानेवर फोटो टिपणारा प्लॅस्टिकचा पिंजरा बसला. घाबरलात तर दाबा म्हणून सम्राटनं तिच्या हातात रबरी चेंडू दिला. फळी आत सरकली आणि धाडधाड आवाज सुरू झाला. तेव्हा नकुशीच्या ध्यानात आलं, चेंडू उजव्या हातात आहे. त्या हाताला तो लागतच नव्हता. आपण तो धरलाय की कधीच पडलाय, तेही कळेना. ओरडावं तर या आवाजात कोण ऐकणार? हललं तर चित्र बिघडणार, पुन्हा पहिल्यापासून. घोट्यावरचा नवऱ्याचा हात तेवढा कळत होता. एक लाथ झाडली की तो बाहेर काढील. पाय शिवशिवला. तिनं दात आवळले आणि पाय तसाच ठेवला. 'देवा, त्या कॉम्प्युटरला खोटं पाड,' एवढंच ती घोकत राहिली.

कॉम्प्युटर खोटा नव्हता. "ठिपका खरा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "शेंगदाण्याएवढी गाठ. काढता येईल, पण थांबू नका. हात पुरता जाईल."

नकुशी पदरात तोंड घालून रडली.

पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. बोटांत जोर परत आला, करंगळी मात्र बधिरच राहिली. पुढच्या साली तपासणीला ती पुन्हा शिरूरला आली.

"स्वच्छ आहे, ताई. काही नाही," डॉक्टर म्हणाल्या.

नकुशी खुर्चीतून उठली नाही. "न्हाईच, का नुसतं दिसत न्हाई?"

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. "सावकाश काढलेलंच बघितलंय मी. आणि पुढच्या वर्षीही बघणार आहे."

पुढच्या वर्षीही. नकुशीनं मान हलवली आणि ती बाहेर रोहिदासकडं आली. "काय म्हणल्या?" त्यानं विचारलं. "बरं हाय म्हणल्या," ती म्हणाली, आणि गाडीवर बसल्यावर रस्ताभर त्याचा सदरा तिनं घट्ट धरून ठेवला.