लताच्या फोनवरून

शशिकांतने तिसऱ्यांदा सुस्कारा सोडला, तेव्हा शैलजाने त्याच्या दंडाला चिमटाच काढला. समोर त्यांची अनिका पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला उभी होती, आणि बापाच्या चेहऱ्यावर बारा वाजले होते.

विषय एका क्रियापदाचा. स्पेनच्या कोपऱ्यातल्या गॅलिशियन भाषेत ‘अचार’ म्हणजे सापडणं. पोरगी लोणच्यावर पीएचडी करतेय म्हणून ओहायोतल्या मराठी मंडळींनी पाच वर्षं शैलजाला पिडलं होतं. आज कुणी पिडलं असतं तर ती रडलीच असती.

तिची थोरली बहीण लता नागपुरात वारली, त्याला सतरा दिवस झाले होते. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून अनिकाला कळू द्यायचं नाही, हे शैलजानेच ठरवलं. आपल्याकडे हे असंच करतात. बहिणीला शेवटचं बघायलाही ती गेली नाही. गेली असती तर पोरीला कुणकुण लागली असती. लताच्या नवऱ्याला, दिगंबर भाऊजींना, तिने बजावून ठेवलं होतं, की लताच्या फोनवरून अनिकाला रोज मेसेज करत जा. ते बिचारे करत होते.

अनिका इंग्रजीत समजावत होती. लॅटिनमध्ये हे क्रियापद श्वासाचं होतं. शिकारी कुत्रा हुंगत हुंगत माग काढतो, त्यातून ‘सापडणं’ आलं असं मानतात. स्पॅनिश ‘आयार’ही त्याच मुळाचं. पुढे त्या भागात ‘कमी सापडणं’ असं म्हणू लागले. माणसं मोजावीत आणि एक कमी निघावा, तसं. तेच स्पॅनिशमध्ये गेलं. तिथे ‘अचार’चं ‘एचार’, म्हणजे टाकणं, झालं, पण अर्थ उरला, कुणाची तरी उणीव भासणं.

एवढं बोलून अनिका पाणी प्यायला थांबली. शैलजाने मान खाली घातली.

परीक्षकांनी तिला पास केलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पार्किंगमध्ये शैलजा मुद्दाम तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसली.

“बाळा, एक सांगायचंय.”

“लतामावशीचं ना? मला माहितीये, आई.”

शशिकांतने गाडी सुरूच केली नाही.

“कसं?”

“मावशी टाइप कुठे करायची? तिच्या व्हॉइस नोट्स यायच्या, मागे कुकरच्या शिट्ट्या. मग एकदम सगळं टाइप केलेलं, आणि कॉल केला तर कुणी उचलेना. मी काकांनाच रिप्लाय करत होते.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“ते विचारायचे, जेवलीस का. मी विचारायचे, तू काय केलंस? मग ते सगळं लिहायचे. वरण पातळ झालं, पोळी जमत नाही. मी बोलले असते तर ते स्टॉप झालं असतं.”

सतरा दिवसांत शैलजाने भाऊजींना चार फोन केले होते, आणि चारही वेळा एकच सांगितलं होतं, अनिकाला कळता कामा नये. ते जेवतात का, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने नंबर लावला.

“भाऊजी, अनिका पास झाली. आणि तिला... कळलंय आता.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “म्हणजे उद्यापासून काही पाठवायचं नाही ना आता?”

शैलजाने फोन पोरीच्या हातात दिला.