वाफेच्या नावाने खापर

मी वाफ बोलतेय. कॅनडातल्या मिल्टन गावी राहणाऱ्या सुरुचीच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीबरोबर बाहेर पडलेली. आत्ता विमानं उडतात त्या उंचीवर आहे आणि भयंकर चिडलेय.

जन्मल्याबरोबर मी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटले. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला खोडच आहे. मागे बॅकयार्डात सुरुचीच्या नवऱ्याने, जयदीपने, लेकीसाठी स्केटिंगची रिंक केली होती. फळ्या ठोकल्या, प्लास्टिक अंथरलं, महिनाभर पाइपने पाणी घालून गोठवलं. शनिवारी जाईचा दहावा वाढदिवस, मैत्रिणी स्केट्स घेऊन येणार होत्या. आणि शुक्रवारी, ऐन फेब्रुवारीत, तिथे घोटाभर पाणी!

"बाबा, यू प्रॉमिस्ड!" पोरगी रडकुंडीला आली.

"मी काय करू, पिल्लू? प्लस टेन आहे बाहेर. आणि लोक उगाच कार्बनच्या नावाने बोंबलतात. सगळ्यात जास्त उष्णता अडवते ती पाण्याची वाफ! गूगल कर."

"म्हणजे माझ्या कुकरने रिंक वितळवली का रे?" सुरुची म्हणाली. "आणि प्लस टेनला गाडी कशाला तापवतोयस?"

"सवय गं."

जयदीपच्या हातात घरातूनच गाडी चालू करायचा रिमोट. ड्राइव्हवेत गाडी वीस मिनिटं नुसती घुरघुरत होती. जायचं कुठे? पाच मिनिटांवर, केक आणायला!

अरे, उष्णता अडवते मी, नाही कुठे म्हणतेय? पण आपणहून वाढते का? आधी तुमच्या धुराने हवा तापते. तापलेल्या हवेत मी जास्त मावते, मग आणखी तापवते. खाली माझी गर्दीच असते. इथे वर सगळं कोरडं, त्यामुळे जराशी वाढले तरी फरक पडतो. खालून येणारी ऊब मी धरते, आणि स्वतःच गारठलेली असल्याने वर आकाशात सोडते चिमूटभर. बोलावता तुम्ही आणि बदनाम मी!

मी राहते तरी किती? आठ-दहा दिवस. तुमच्या धुरातला कार्बन शेकडो वर्षं मुक्काम ठोकतो. त्याला हा जयदीप काही बोलत नाही!

खिडकीवर ऊन आलं तशी मी सुटले आणि एक्झॉस्ट फॅनमधून बाहेर पडले. वर जाताना पाहिलं, जाई फळीवर बसून नव्या स्केट्सच्या नाड्या सोडत होती. एकेक भोक, सावकाश.

आता माझे दिवस भरत आले. कुठल्या तरी गावात, अशाच एखाद्या पोरीच्या अंगणात उतरेन. तिच्या पायाखाली बर्फ व्हायची फार इच्छा आहे हो. पण बहुतेक पाऊस होऊनच पडेन.

जयदीप, तो रिमोट खाली ठेव.