खोटी नऊ नंबर

संघप्रिया सोनकांबळेला फुटबॉल खेळता येत नाही, असं मी कधीच म्हटलं नाही. मी म्हटलं, ती स्ट्रायकरसारखी खेळत नाही. ह्या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो ज्यांना कळत नाही त्यांनी माझ्या तोंडी लागू नये.

आमचं कॉम्प्लेक्स शांती नगरात. चार विंग आणि वर्षातून एकदा लेडीज फुटबॉल लीग. बहुतेक कॉलेजच्या मुली, दोन-तीन नोकरीवाल्या, आणि एक तर चक्क दोन पोरांची आई. प्रत्येक विंगची एक टीम, पण खेळाडू सगळ्या कॉम्प्लेक्समधून लिलावात उचलायचे. टीव्हीवर बघून शिकलेत सगळे. पैसे नसतात, नुसते पॉइंट असतात. आमच्या ए विंगचा कोच उदय. दिवसा बँकेत असतो आणि बाकी वेळ मोबाईलवर परदेशी मॅच बघतो. त्याने शंभरातले साठ पॉइंट एकट्या संघप्रियावर उधळले. उरलेल्या चाळिसात, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्या सगळ्या आमच्या पदरात. अनुष्का त्यातलीच. चष्म्याला इलॅस्टिक बांधून धावते.

आता साठ पॉइंटच्या पोरीकडून माणसाने काय मागावं? गोल मागावा. ही बाई काय करायची, तर शिट्टी वाजली की पुढे उभं राहायचं सोडून मागे यायची. मागे म्हणजे मधल्या रेषेच्याही अलीकडे. तिथे बॉल घ्यायचा, समोरच्या दोघीतिघींना अंगावर ओढायचं, आणि ऐन वेळी बॉल दुसरीला देऊन मोकळं व्हायचं. गोल मारायची अनुष्का. नाव अनुष्काचं, हार अनुष्काला. आमची साठ पॉइंटवाली मात्र अख्ख्या लीगमध्ये कोरडी.

मॅच झाली की पार्किंगमध्ये आमची सभा भरायची. आमच्याच विंगमधली मंदा म्हणायची, पोरीच्या पायात जोरच नाही. कुणी म्हणायचं, लिलावात फसलो. उदय एकटा तिची बाजू घेऊन भांडायचा. तुम्ही बॉलकडे बघता, ती डिफेंडरला कुठे घेऊन जाते ते बघा, म्हणायचा. मी म्हटलं, मी गोलपोस्टकडे बघते, आणि तिथे ती मला दिसत नाही. विंगच्या ग्रुपवरही मी काही मागे ठेवलं नाही. एकदा तर लिहिलं, ही आपल्या टीमची वाटतच नाही. हे वाक्य पुढे माझ्याच गळ्यात येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पण एक आहे. मी तिला शिव्या घालायचे त्या तोंडावर. ती राहते नऊ नंबरला, मी दहाला. दाराला दार. माझी बेल बंद पडलीय तेव्हापासून तिला काही हवं असलं की ती माझ्या दारावर बॉल आपटते. आई राजश्री भाईंदर पश्चिमेला एका लॅबमध्ये रक्त तपासते, वडील उदगीरला नोकरीला, महिन्यातून एकदा येतात. आधी नवघरला राहायची ही माणसं, दोन वर्षांपूर्वी इथे भाड्याने आली. मॅचहून ती जिना चढत असताना मी दारात उभीच असायचे, आणि ती लांबूनच हसत विचारायची, "काकू, आज किती शिव्या?" मी सगळ्या मोजून द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या मॅचला परत मागे यायची. काय ताप आहे!

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. गेल्या वर्षी बी विंगने कुणाची तरी भाची म्हणून बाहेरची, कॉलेज टीममधली मुलगी खेळवली होती. त्यावरून राडा झाला. म्हणून ह्या वर्षीपासून नियम असा की टी-शर्टावर जिच्या-तिच्या फ्लॅटचा नंबर. आमच्याकडे फ्लॅटचे नंबर सलग आहेत, एकापासून चौसष्टपर्यंत. त्यामुळे मैदानात बावन्न नंबर सत्तेचाळीसला पाडते, असं सगळं चालतं. तसंही सोसायटीत माणसाला नाव कुठे असतं! मी दहा नंबर. त्या नऊ नंबर.

सेमीफायनल आम्ही जिंकलो. संघप्रियाने गोल मारला नाही, हे सांगायला नकोच. ग्रुपवर मी तोंड सोडलं, मंदाने री ओढली, आणि वैतागून उदयने लिहिलं, "ती खरी नऊ नाहीच आहे. ती फॉल्स नाइन आहे. जरा समजून घ्या."

बस्स. आमच्या ग्रुपवर समजून घ्या म्हटलं की लोक काय काय समजून घेतील सांगता येत नाही. काशीनाथभाऊ चेअरमन आहेत म्हणून चारही विंगच्या ग्रुपवर असतात. राहतात डी विंगला, आणि फायनल आमची डी विंगशीच होती. त्यांनी ते वाचलं. खरी नऊ नाही. फॉल्स. म्हणजे नऊ नंबरवाल्यांचं काहीतरी खोटं आहे आणि खुद्द कोच इशारा देतोय. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चारही विंगमध्ये हातपाय फुटून फिरायला लागली. कुणी म्हणालं, ती मुलगी इथे राहतच नाही, नवघरहून येते. कुणी म्हणालं, अ‍ॅग्रीमेंट बोगस आहे. कुणी म्हणालं, मूळ मालकाला पत्ताच नाही. मंदा मला जिन्यात भेटली आणि हळू आवाजात म्हणाली, मला आधीपासून वाटतच होतं. काय वाटत होतं, विचारलं तर म्हणे, काहीतरी. आणि उदय? संदेश टाकून हा माणूस ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला होता. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी वॉचमन येऊन संघप्रियाचा टी-शर्ट मागून घेऊन गेला. चेअरमनने सांगितलंय म्हणाला. तिने दिला. त्या दिवशी माझ्या दारावर बॉल आपटला नाही. मी दोनदा दार उघडून बघितलं.

शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मीटिंग लावली. टेबलावर तो टी-शर्ट घडी करून ठेवलेला, नऊचा आकडा वर. राजश्री कामावरून तशीच आली होती, खांद्याला पर्स, पायात बूट. शेजारी संघप्रिया, मान सरळ. काशीनाथभाऊ फार गोड बोलत होते. ह्या माणसाचा आवाज गोड झाला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणाले, वहिनी, तक्रार आलीय, आम्हाला बघावं लागतं, तुम्ही फक्त अ‍ॅग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशन दाखवा, मुलगी उद्या खेळेल. तोवर वाटल्यास बिननंबरी टी-शर्ट घालून खेळू दे, माझी हरकत नाही.

राजश्रीने विचारलं, अजून कुणाकुणाचे कागद मागितलेत? काशीनाथभाऊ म्हणाले, बाकीच्यांचा प्रश्नच नाही. तेव्हा ती म्हणाली, "कागद माझ्या पर्समध्ये आहेत. पण मी काढणार नाही. चौसष्ट जणांचे काढा, त्यात नववे माझे मिळतील."

संघप्रिया तेवढ्यात म्हणाली की बिननंबरी ती खेळणार नाही. नंबर असेल तर खेळेल, नाहीतर घरी बसेल. आवाज चढवला नाही पोरीने. मला मात्र आतून भरून आलं, आणि त्याचाही राग आला. गोल मारायला जो ठामपणा लागतो तो हिच्यात ठासून भरलाय, मग मैदानात जातो कुठे?

काशीनाथभाऊ माझ्याकडे वळले. त्यांना मार्ग काढायचा होता. म्हणाले, शैलाताई, तुम्हीच तर लिहिलं होतं की ही आपली वाटतच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या खेळाबद्दल बोलले होते, मागे येण्याबद्दल बोलले होते, आणि हा माणूस माझं वाक्य उचलून तिच्या घराला लावत होता. वर म्हणाले, जाऊ दे, कागद नकोत, तुम्ही समोर राहता, तुमच्या शब्दाला मान आहे. ह्या इथे राहतात, एवढं सांगा, मी विषय मिटवतो.

हो म्हणणं सोपं होतं. हो हे माझ्या ओठावर आलंही होतं. आणि मग मी राजश्रीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टी-शर्टाकडे बघत होती. मला कळलं की मी हो म्हटलं, तर उद्यापासून ती ह्या सोसायटीत माझ्या हो वर राहील.

मी म्हटलं, "आधी राजश्रीला विचारा, मी इथे राहते का. ती हो म्हणाली तर मग माझी साक्ष घ्या."

काशीनाथभाऊंना हसू की रागवू कळेना. मंदा म्हणाली, अगं काय बोलतेस, तुला कोण ओळखत नाही! मी म्हटलं, तेच.

एवढ्यात उदय आला. स्टेशनवरून थेट, पाठीला बॅग. मीटिंग कशाबद्दल आहे ते त्याला दारातच कुणीतरी सांगितलं असावं, कारण चेहरा पांढरा पडला होता. त्याने भराभरा सांगून टाकलं. फॉल्स नाइन हा फुटबॉलमधला शब्द आहे. नऊ नंबर म्हणजे स्ट्रायकर, मग टी-शर्टावर काही असो. जी स्ट्रायकर पुढे उभी न राहता मागे येते, डिफेंडरला आपल्यामागे ओढते आणि दुसरीला जागा करून देते, तिला फॉल्स नाइन म्हणतात. संघप्रियाला तसं खेळायला त्यानेच सांगितलं होतं. फ्लॅटचा त्यात काही संबंध नाही. हात जोडून माफी मागितली त्याने.

लोक हसायला लागले. खरंच हसले. खुर्च्या सरकल्या, कुणी चहा सांगा म्हणालं. काशीनाथभाऊंनी टी-शर्ट उचलून पुढे धरला आणि म्हणाले, झालं ना वहिनी, गैरसमज होता, संपला विषय.

राजश्रीने हात पुढे केला नाही. म्हणाली, "शब्दाचा गैरसमज झाला, मान्य. पण वाचल्या वाचल्या सगळ्यांना खरं वाटलं, ते कसं? उदयने दहा नंबर फॉल्स आहे लिहिलं असतं, तर शैलाताईंचे कागद मागितले असते का?"

चहा सांगणारा खाली बसला. मग तिने पर्स खांद्यावर सरळ केली आणि म्हणाली, टी-शर्ट आमच्या घरून मागून नेलात, आता घरी आणून द्या. वॉचमनच्या हाती नको. तुम्ही स्वतः या. फायनल उद्या चारला आहे. आणि मायलेकी निघून गेल्या.

त्या निघाल्यावर बरीच बडबड झाली. एवढा काय माज, ताणायचं किती, असं म्हणणारेही होते. मी म्हटलं, उद्या नऊ नंबर नसेल तर ए विंग उतरणार नाही. अनुष्का म्हणाली, नाहीच उतरणार, मला जागा कोण करून देणार? पोरीला माझ्या आधी कळलं होतं.

रविवारी दुपारी मी जेवून दारातच खुर्ची टाकून बसले. तीन वाजून गेले. समोरचं दार बंद. मग जिन्यावर पावलं वाजली, थांबत थांबत. काशीनाथभाऊंचे गुडघे दुखतात आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. वर आले ते घामाघूम, काखेत टी-शर्ट. मला बघून त्यांना हायसं वाटलं. टी-शर्ट माझ्यापुढे धरून म्हणाले, शैलाताई, एवढं समोर देता का, मी जरा घाईत आहे.

मी हात मांडीवरच ठेवले. म्हटलं, "माझी बेल बंद आहे. त्यांची चालू आहे. वाजवा."

खाली उतरावं की काय, असा एक विचार त्यांच्या पायांत येऊन गेला, मला दिसला तो. मग त्यांनी बेल वाजवली. दार संघप्रियाने उघडलं, मोजे आधीच चढवलेले होते. काशीनाथभाऊ म्हणाले, हे तुझं. ती थँक्यू म्हणाली नाही. आतून राजश्री आली आणि म्हणाली, या ना, पाणी घ्या. आणि ते आत गेले. दोन वर्षांत चेअरमन पहिल्यांदा नऊ नंबरमध्ये गेले.

फायनलची हकीकत थोडक्यात सांगते. शिट्टी वाजली आणि संघप्रिया मागे आली. मी गळा फाडून ओरडले, अगं पुढे जा, पुढे काय वाघ आहे का! ती आणखी मागे आली. आता कारण माहीत होतं, तरी मला ते पटत नाही, आजही पटत नाही. स्ट्रायकरने गोल मारावा. माझ्या शेजारी डी विंगचा कुणी गृहस्थ उभा होता. माझं ओरडणं ऐकून त्याला जोर आला आणि तोही म्हणाला, खरंय मॅडम, तुमची ही नऊ नंबर अगदीच फालतू आहे.

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. विचारलं, "तुम्ही कितवे?"

एकावन्न, म्हणाला.

"मग तुम्ही गप्प राहायचं. नऊ नंबरला शिव्या फक्त दहा नंबर घालणार."