शीर्षासनातली माती

मित्रांनो, माझ्या अंगावर काच आहे, पाठीला फळी आहे आणि पोटात मातीशिवाय काही नाही. एका शाळेच्या व्हरांड्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेली मी एक जुनी लाकडी पेटी. उंचीला एखाद्या उफाड्याच्या मुलाएवढी आणि रुंदीला जेमतेम वीतभर. पेटी म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्यात काहीतरी ठेवत असतील. माझ्यात कुणी काही ठेवत नाही. जे आहे ते निसर्गाने भरलं, माणसांनी फक्त उचलून भिंतीला लावलं. उद्घाटनात कौतुक मात्र माणसांचंच झालं.

माझं माहेर फार लांब नाही. समोरच्या खिडकीतून दिसतं. शाळेच्या मागच्या आवारात जुन्या विज्ञानाच्या सरांनी मुलांना घेऊन एक खड्डा खणला होता, चांगला गळ्याइतका खोल. खड्ड्याची एक बाजू त्यांनी खरवडून भिंतीसारखी सपाट केली, तिला चिकट रस पाजला, वर फळी दाबली आणि दुसऱ्या दिवशी सुरीने कडेकडेने कापत आवाराचा एक उभा काप अलगद बाहेर काढला. केकचा तुकडा काढावा तसा. तो काप म्हणजे मी. डोक्यावर थोडं गवतही होतं. पुढे ते झडलं. या वयात कुणाचं राहतं?

जुने सर मला भिंतीवर लावून मुलांना माझ्यासमोर बसवत. खालून सुरुवात करत, कारण माती खालूनच सुरू होते.

"हा तळाचा पिवळा मुरूम. हा खडकाचा मुलगा," ते पट्टी टेकवून म्हणत. "खडक उन्हात तापतो, थंडीत आकसतो. फटीत पाणी शिरतं, पाण्यामागून मूळ शिरतं. असं कुणी सतत फटीत शिरत राहिलं की खडकालाही वैताग येतो. तो फुटतो. फुटून दगड, दगडाचा मुरूम, मग वाळू, वाळूहून बारीक पोयटा आणि सर्वांत बारीक चिकणमाती."

मग पट्टी मधल्या तांबूस थरावर येई. "हा मधला भाऊ. पावसाचं पाणी खाली उतरताना वरचे बारीक कण बरोबर आणतं आणि इथं टाकून पुढे जातं. म्हणून हा असा चिकट आणि घट्ट. आल्यागेल्याचं सगळं सांभाळून ठेवणारा."

आणि शेवटी वरचा काळा थर. इथं सरांचा आवाज हळू होई. "ही पडलेली पानं, मेलेले किडे, कुजलेली मुळं आणि गांडुळांची न थांबणारी नोकरी. हा सगळ्यांत पातळ थर आणि आपण सगळे जगतो ते याच्या जिवावर. बोटभर जमायला कैक पिढ्या लागतात. घालवायला एक दुपार पुरते."

"सर, सगळी मिळून ही मातीच ना?" कुणीतरी विचारी.

"छे! चांगल्या मातीत माती निम्मीच. उरलेल्या निम्म्यात हवा आणि पाणी."

"म्हणजे आमच्या दूधवाल्यासारखं," मागून आवाज येई आणि सरसुद्धा हसत.

ते माझे कौतुकाचे दिवस. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा देत. पण जुने सर निवृत्त होऊन मुलाकडे दूरगावी गेले आणि कौतुक त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेलं. माझ्या काचेवर धूळ साचली. थरांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या. शाळेतली ती एकच विद्यार्थिनी, जिने माझा अभ्यास अगदी फस्त केला. माझ्या मागे एका पालीने संसार थाटला.

मग रंगारी आला. भिंत रंगवायची म्हणून त्याने मला उतरवलं. वरच्या कड्या गंजून हातात आल्या. त्याने दुसऱ्या टोकाला नव्या कड्या ठोकल्या, मला टांगलं, मान तिरपी करून पाहिलं आणि "सरळ आहे" म्हणाला. रेषेत होतेच मी. फक्त डोक्यावर उभी होते. माझा मुरूम वर आणि काळा थर खाली.

मित्रांनो, उलटं टांगलेल्या वस्तूला ओरडता येत नाही. मी वाट पाहिली, कुणाच्या तरी लक्षात येईल. आलंच! मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, लक्षात आलं की पेटीवरच्या चिठ्ठ्या गेल्या आहेत. चित्रकलेच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्यांना नव्या चिठ्ठ्या लिहायला सांगितलं. त्यांनी सर्वांत वर लिहिलं 'वरचा थर', मध्ये 'मधला थर' आणि सर्वांत खाली 'खालचा थर'. यात चूक काढून दाखवा!

झालं. आता मी लेखी उलटी झाले.

नवे विज्ञानाचे सर माझ्यासमोर वर्ग घेऊ लागले. एका मुलीने हात वर केला. कपाळावर कायम आठी असलेली, कुठलीही गोष्ट एकदा सांगून न पटणारी अशी ती मुलगी होती.

"सर, पुस्तकात काळी माती वर दाखवलीय."

सरांनी पुस्तक उघडून पाहिलं. पण सर ते सरच. "पुस्तक सगळ्यांसाठी असतं. ही आपल्या आवारातली माती आहे. आपलं वैशिष्ट्य आहे ते. परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं आणि पेटीसमोर पेटीतलं म्हणायचं."

मुलांना हे लगेच समजलं. मोठ्यांच्या जगात वावरायची ती उत्तम तयारी होती.

हे वैशिष्ट्य हळूहळू मोठ्या बाईंच्या डोक्यात शिरलं. मागच्या आवारात माळीकाकांची बाग होती. टोमॅटो, दुधी, कडेने झेंडू. काकांचं तारुण्य तिथंच गेलं होतं आणि गुडघेही. एक दिवस मोठ्या बाई माझ्यासमोर थांबल्या, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर, आणि सरांना म्हणाल्या, "वरच्या या निकृष्ट मातीत जर एवढे टोमॅटो लागतात, तर खालच्या काळ्या मातीत काय लागेल!"

"कलिंगडाएवढे," सर म्हणाले.

"मग वरचा थर काढूनच टाकू या ना."

"पण वरतीही काळीच दिसते, बाई."

"ती पाचोळ्याने काळवंडलीय. पेटीत बघा ना, मुरूमच आहे. काचेत ठेवलेलं खोटं असेल का?"

माळीकाकांना बोलावलं. मला वाटलं, आता काका बोलतील. रोज त्या मातीत हात घालणारा माणूस! पण मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, अहो, नुसत्या मुरमात तुम्ही एवढी बाग केलीत. कमाल आहे तुमच्या हातांची!" आणि काकांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांचं कौतुक कुणी केलं नव्हतं. ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले.

"माती कशीही असू दे हो," ते म्हणाले, "हात पाहिजे."

ठेकेदार तर देवमाणूस निघाला. "वरची माती ना? मी नेतो उचलून. फुकट नेतो. तुमची अडचण ती माझी अडचण." त्याने आवारात जाऊन एक मूठ उचलली, वास घेतला आणि घाईघाईने ती परत टाकली. मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसला. लग्नघरात चुकून आपलंच आवडतं पक्वान्न निघावं तसा तो चेहरा होता.

मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. माझं माहेर उपसायला निघाले होते आणि साक्षीदार म्हणून मलाच उभं केलं होतं. तेही डोक्यावर.

पिवळं यंत्र सकाळी आलं. काकांनी आदल्या संध्याकाळीच रोपं काढून पाट्यांत ठेवली होती. यंत्राने दात टेकवले आणि बागेच्या कडेची एक पट्टी सोलली. काळी माती मालमोटारीत धप्पकन पडली. सगळा व्हरांडा थरथरला. मागच्या वर्गात धूळ जाऊ लागली, म्हणून चित्रकलेच्या बाईंनी आपली मुलं उचलून व्हरांड्यात आणली.

"बसा इथंच. आज ही पेटी काढायची. जशी दिसते तशी."

मुलं कागदांवर वाकली. बाहेर यंत्र घरघरत होतं. बाई फिरत फिरत त्या आठीवाल्या मुलीपाशी थांबल्या.

"हे काय काढलंयस गं?"

"मूळ आहे, बाई."

"अशी वर जातात होय मुळं? मूळ खोडाशी जाड असतं आणि खाली जाताना बारीक होतं. कितीदा सांगितलं! खोड तिकडे खाली ठेवून मूळ आभाळात चाललंय तुझं. खोडून टाक ते."

"नाही खोडणार."

"का म्हणे?"

"बाई, तुम्हीच म्हणालात, जशी दिसते तशी. समोर तसंच आहे."

बाई रागाने माझ्याकडे वळल्या. माझ्या पोटात जुन्या सरांच्या वेळचं एक मूळ आहे, काळ्या थरात अंगठ्याएवढं जाड आणि मुरमात पोचेपर्यंत दोऱ्याएवढं. बाईंची नजर त्याच्या जाड टोकापासून निघाली. तळापासून वर, वर, बारीक होत होत. ती वरच्या चिठ्ठीवर येऊन थांबली. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा, मोठ्याने, "अगं बाई गं!"

विज्ञानाचे सर शेजारच्या वर्गातून बाहेर आले. "काय झालं? पाल का?"

"सर, हे मूळ बघा. आधी मूळ बघा. कुठं चाललंय?"

"वर चाललंय."

"मुळं कधीपासून वर जायला लागली?"

"बाई, आपल्या आवारातली," सर म्हणू लागले आणि तिथंच अडकले. मूळ कुणाच्या वैशिष्ट्याचं ऐकत नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मूळ अजून तिथंच होतं. "अरेरे," ते म्हणाले, "ही पेटी उलटी आहे हो!"

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. पुढे चित्रकलेच्या बाई, हातात पेन्सिल उगारलेली, जणू ती यंत्रात खुपसणार होत्या. त्यांच्यामागे सर आणि सरांमागे सगळा वर्ग. "थांबवा! थांबवा ते!" यंत्राचा दात दुसऱ्या पट्टीवर टेकला होता. चालकाला ऐकू येईना. तेव्हा माळीकाका, ते गुडघेदुखीचे काका, उठून थेट दातासमोर जाऊन उभे राहिले. यंत्र बंद झालं. इतकी शांतता झाली की मला माझी पाल सरकलेली ऐकू आली.

मोठ्या बाई धावत आल्या. सरांनी सांगितलं. त्यांना पटेना.

"कशावरून? पेटी बरोबर असेल आणि मूळच चुकलं असेल."

"मग खणूनच बघू," सर म्हणाले. "पहिल्यांदाच हे करायला हवं होतं."

काकांनी कुदळ घेतली. वर काळी. वीतभर खणल्यावर तांबूस, चिकट. काका घामाघूम झाले, सरांनी कुदळ घेतली, आणि त्यांच्या कमरेइतका खड्डा झाला तेव्हा पिवळा मुरूम लागला. कुदळीचा आवाज बदलला, तो मला इथपर्यंत आला. तो माझ्या ओळखीचा आवाज होता.

मोठ्या बाईंनी वाकून खड्ड्यातले तिन्ही थर बोटाने मोजले. मग म्हणाल्या, "मालमोटार रिकामी करा. इथंच."

"अहो बाई, भरलेला माल पुन्हा उतरवायचा?" ठेकेदार कळवळला. "राहू द्या. तुमची अडचण ती..."

"आता अडचण राहिली नाही," बाई म्हणाल्या. "आता फक्त माती आहे. आणि ती आमची आहे."

माती परत पडली. काकांनी ती फावड्याने पसरली, हाताने दामटली नाही, कारण दामटली की तिच्यातली हवा जाते. मोठ्या बाई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "काका, म्हणजे माती चांगली होती तर."

काका फावड्यावर रेलले. वाटलं, बिचाऱ्यांचं एकुलतं एक कौतुक गेलं. पण ते हसले. इतके मोकळे हसले की मुलंही हसू लागली. "सुटलो, बाई! आठवडाभर झोप नव्हती. नुसत्या मुरमात टोमॅटो काढतो म्हणजे मी कोण लागून गेलो? उद्या तुम्ही दगडात काढायला सांगितलं असतं!"

त्याच दुपारी मला सरळ केलं. मित्रांनो, इतकी वर्षं डोक्यावर उभं राहून पुन्हा पायांवर यायचं म्हणजे काय, ते एखाद्या वटवाघळालाच विचारा. चिठ्ठ्या अर्थातच उलट्या झाल्या. चित्रकलेच्या बाईंनी त्या खरवडून काढल्या, नव्या लिहिल्या आणि त्या लावायचा मान आठीवाल्या मुलीला दिला. तिने आधी मूळ तपासलं, मगच लावल्या.

आता माझी काच दर आठवड्याला पुसली जाते. पण मित्रांनो, काच पुसा म्हणून मी तुमच्याकडे हट्ट धरणार नाही. माझी विनवणी वेगळी आहे. मी काही झालं तरी भिंतीवरचं चित्र. खिळा चुकला की माझं सगळं शहाणपण उलटं होतं. तुमच्या पायाखाली जी आहे ती खरी. तिला कागदाने, डबड्याने, पिशव्यांनी गुदमरवू नका. पाचोळा दिसला तर लगेच पेटवू नका, ते तिचं जेवण आहे. आणि कुणी फुकट न्यायला आलं, तर त्याने तिचा वास घेतला का ते बघून ठेवा.

परवा पुन्हा रंगारी आला. तोच, आता केस पिकलेले. त्याने मला उतरवलं मात्र, सगळी शाळा वर्ग सोडून व्हरांड्यात गोळा झाली. मोठ्या बाई, दोन्ही शिक्षक, मुलं, सगळे श्वास रोखून उभे. माझाही श्वास अडकला. म्हणजे निम्म्यातला जो हवेचा वाटा आहे, तो.

भिंत वाळली. रंगाऱ्याने मला उचललं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि एवढ्या गर्दीने बावचळून विचारलं, "वर कुठली बाजू?"

एकाच वेळी सगळे बोलायला लागले. खिडकीबाहेर माळीकाका टोमॅटोला आधाराची काठी लावत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "त्यांना काय विचारतोस? इथं बाहेर बघ आणि तशी लाव."

रंगाऱ्याने खिडकीतून वाकून पाहिलं. मग मला पाहिलं. आणि टांगलं.

सरळ.