सत्तेचाळीस वर्षांच्या बॉयलरचं बुक

डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि आमच्या घरात चहा गार झाला. एरवी आमच्याकडे चहा गार होत नाही. बाबा बॉयलरवाले आहेत, गार चहा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो.

बाबा एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर चालवतात. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या गाडीभर चादरी रोज तिथे येतात. त्यांना लागणारी वाफ बाबांच्या बॉयलरमधून निघते आणि पाइपातून भिंतीपलीकडे इस्त्रीखात्यात जाते. तिथे आई मुकादम आहे. आई सगळ्यांना सांगते, "अठरा वर्षं या माणसाच्या वाफेवर माझं चाललंय." त्यावर बाबा म्हणतात, "आणि उरलेली वाफ तिच्या डोक्यात जाते."

बॉयलरवर उभं राहणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी होते. यंदा बाबांच्या कागदावर 'तात्पुरते अनफिट' असं आलं. महिन्याने पुन्हा तपासणी. तोवर बॉयलरवर बदलीचा माणूस आणि बाबा घडीच्या टेबलावर, म्हणजे दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या. महिन्यानंतरही बाबांचं ब्लड प्रेशर खाली नसेल तर घडीचं टेबल कायमचं.

घडीच्या टेबलात वाईट काही नाही. तिथल्या मावश्या मला लहानपणापासून खाऊ देतात. पण बाबा त्या बॉयलरला माझ्या आधीपासून ओळखतात. त्याचा आवाज बदलला की त्यांचा घास तोंडाशी थांबतो.

त्या संध्याकाळी आत्या वरच्या मजल्यावरून खाली आली, बाबांचाच चष्मा लावून तिने कागद मोठ्याने वाचला. "एसेन्शियल हायपरटेन्शन, क्रॉनिक, असिम्प्टोमॅटिक." मग चष्मा काढला. "क्रॉनिक म्हणजे फार पुढचं असतं. आमच्या शेजारणीच्या दिराला क्रॉनिक होतं."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, आता नाहीये तो."

"अहो वन्सं, तो दुसऱ्या गावी गेला राहायला," आई म्हणाली.

"तेच म्हणतेय, नाहीये. आणि हे टेन्शन काय रे? तुला कसलं टेन्शन? टेन्शन वहिनीला असायला हवं, लग्न तिने केलंय तुझ्याशी."

आई हसली, पण बाबा हसले नाहीत. ते कागदाकडे बघत होते. बावीस वर्षं वाफेला न घाबरणारा माणूस 'क्रॉनिक' या शब्दाकडे, कधीही फुटेल अशा नळाकडे बघावं तसा बघत होता.

इथे माझं थोडं सांगायला हवं. महिन्यापूर्वी शाळेत मी पहिल्यांदा वर्गासमोर सात मिनिटं बोलले आणि मला काहीही झालं नाही. तेव्हापासून मला वाटू लागलंय की विचारून टाकलेलं बरं. नाहीतर माणूस मनातल्या मनात शेजारणीच्या दिरापर्यंत जाऊन पोचतो.

दुसऱ्या दिवशी बाबा गोळ्या लिहून घ्यायला गेले तेव्हा मी वही घेऊन बरोबर गेले. शाळा दुपारची होती. वहीच्या पानाचे दोन भाग केले होते. डावीकडे 'डॉक्टरांचं', उजवीकडे 'आपलं'.

डॉक्टरीणबाईंचा चष्मा डोक्यावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या. बाहेर बारा माणसं होती. बाबा मला कोपराने ढोसत होते की चल, पुरे, पण मी पहिला शब्द वाचला.

"क्रॉनिक म्हणजे शेवटचं का?"

"कुणी सांगितलं?"

"आत्याने."

"आत्याला सांग, क्रॉनिक म्हणजे बराच काळ राहणारं. एवढंच. वाईट की साधं, ते त्यात नाही. साधं पडसं अचानक येतं, जोरात येतं आणि आठवड्यात जातं, त्याला आम्ही अक्यूट म्हणतो. हे तसं जाणारं नाही."

मी उजवीकडे लिहिलं: क्रॉनिक – मुक्कामाला आलेला पाहुणा. अक्यूट – दारातून आरडाओरडा करत येतो आणि चहा घेऊन जातो.

डॉक्टरीणबाईंनी वाकून वाचलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "पुढचा शब्द?"

"असिम्प्टोमॅटिक."

"बाहेरून काही कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही."

"म्हणजे पाहुणा दार न वाजवता आत आलाय."

"आणि माळ्यावर जाऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मोजावं लागतं."

हायपरटेन्शनमधलं टेन्शन म्हणजे काळजी नव्हे, तो रक्ताच्या नळ्यांच्या भिंतींवर आतून पडणारा दाब, हे ऐकल्यावर बाबा सावरून बसले. आता गोष्ट त्यांच्या खात्यातली झाली होती. वरचा आकडा सिस्टॉलिक, हृदय आवळतं तेव्हाचा. खालचा डायस्टॉलिक, ते दोन ठोक्यांच्या मधे सैल होतं तेव्हाचा. बाबा म्हणाले, "पंपाचा दट्ट्या पुढे आणि दट्ट्या मागे."

"अगदी तेच."

"आणि एसेन्शियल?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याचा अर्थ असा की, अमुक एका कारणामुळे झालं असं बोट ठेवून सांगता येत नाही. दहातल्या नऊ जणांचं असंच असतं."

"म्हणजे माहीत नाही?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे माहीत नाही."

"मग तसं लिहायचं ना. मी रात्रभर समजत होतो काहीतरी भयंकर आहे."

डॉक्टरीणबाईंनी महिन्याच्या तीस गोळ्या दिल्या, रोज सकाळी एक, मीठ कमी, चालणं जास्त. वरचा आकडा एकशेचाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत आला की फिट.

त्या दिवसापासून आत्याचं मशीन आमच्या स्वयंपाकघरात आलं. तिच्या सासऱ्यांसाठी घेतलेलं प्रेशरचं मशीन, दंडाला पट्टा गुंडाळायचं, आकडे दाखवणारं. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. बाबा बसले. आत्याला जमलं नाही. पट्टा फुगण्याआधी बाबांनी मशीनच्या काचेवर दोनदा नखाने टकटक केलं. बॉयलरच्या काट्यावर ते नेहमी करतात, काटा अडकलेला नाही ना हे बघायला.

"यात काटा नाहीये," मी म्हटलं.

"सवय आहे," बाबा म्हणाले.

मी रोज सकाळचा आकडा लिहून ठेवू लागले. पहिल्या आठवड्यात तो छान उतरला. एकशेअडुसष्टवरून एकशेबावन्न, मग एकशेबत्तीस, मग एकशेसव्वीस. आम्ही खूश. मग तो पुन्हा चढला. एकशेअडतीस, एकशेपन्नास, एकशेअठ्ठावन्न. मग उतरला. मग चढला. आईने डाळीतलं मीठ इतकं कमी केलं की डाळ आणि पाणी यांत फरक उरला नाही, तरी आकडा आपला जिन्यावरून खेळत होता.

एकविसाव्या दिवशी मी गोळ्यांचं पाकीट उघडलं. नऊ उरायला हव्या होत्या. सोळा होत्या.

बाबांनी काही लपवलं नव्हतं. विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, तेही जरा अभिमानाने. "काटा खाली आला की गोळी बंद. चढला की चालू. अगं, प्रेशर जागेवर आल्यावर कोण आग कमी करत बसतं? मग हात लावायचा नसतो. बावीस वर्षं हेच करतोय मी."

"पण क्रॉनिक म्हणजे..."

"वाचलंय मी तुझ्या वहीत. मुक्कामाला आलेला पाहुणा. मग तो शांत झोपलेला असताना त्याला गोळी कशाला?"

"गोळी चालू आहे म्हणून तो झोपलाय."

"तू किती वर्षं काटा बघतेस?" त्यांनी विचारलं आणि चपला घातल्या. आदल्या दिवशी घडीच्या टेबलावर मावश्यांनी त्यांना चिडवलं होतं, कोपऱ्याला कोपरा लागत नाही म्हणून. मी वही मिटली. हरणं मला हल्ली आवडत नाही, पण थांबणं जमू लागलंय.

आईला सांगितलं तर ती भांडी विसळत म्हणाली, "त्यांना माझं पटत नाही, तुझं पटत नाही, डॉक्टरांचं कागदावरच पटतं. त्यांना फक्त बुकाचं पटतं."

बुक म्हणजे बॉयलरचं बुक. त्यात रांगा आखलेल्या असतात: वेळ, प्रेशर, पाण्याची पातळी, शेरा, ऑपरेटरची सही. बाबा ते असं वाचतात की समोर माणूसच उभा आहे. बदलीवाला कोण होता, कंटाळलेला होता की घाईत होता, सगळं आकड्यांवरून सांगतात.

मी बाबांचे एकवीस आकडे घेतले आणि प्रत्येकाला वीसने भागलं. एकशेअडुसष्टचे झाले आठ पूर्णांक चार. एकशेसव्वीसचे सहा पूर्णांक तीन. एकशेचाळीस, म्हणजे आमची वरची हद्द, बरोबर सात. त्यांचा बॉयलर सहा ते सातच्या मधेच चालतो. हे जमलं तेव्हा मी वर्गात हळूच टाळी वाजवली आणि गणिताच्या बाईंनी मला उभं केलं.

रविवारी सकाळी बाबा पेन्सिल कानाला लावून बसले होते. मी आखलेला कागद पुढे ठेवला. "एका बॉयलरचं बुक उतरवून आणलंय. बघता?"

"कुठला बॉयलर?"

"ओळखीचा. सत्तेचाळीस वर्षांचा आहे."

"सत्तेचाळीस? मग जपायला हवं बिचाऱ्याला." त्यांनी पेन्सिल काढली. पहिले सात आकडे वाचून मान डोलावली. आठव्याला कपाळाला आठी आली. मग पेन्सिल एकेका आकड्यावरून चालू लागली, वर, खाली, वर.

"कोण चालवतो हा?"

"का?"

"झोपा काढतो. हे बघ. काटा वर गेला की धावत येतो. खाली आला की गेला चहाला. पुन्हा वर गेला की पुन्हा धावाधाव." त्यांचा आवाज चढला. आई दारात येऊन उभी राहिली. आत्याही मशीन घ्यायला आली होती, तीही थांबली.

"पण खाली तर येतोय ना काटा," मी म्हटलं.

"येतोय म्हणून काय झालं? सतत वरखाली केलं की पत्र्याला ताण बसतो, जोड ढिले पडतात, एके दिवशी चीर जाते. आणि काटा जागेवर आहे म्हणून कुणी पाण्याचा पंप बंद करतं का? पंप चालू आहे म्हणून तर जागेवर आहे तो. इतकं साधं कळू नये? याला पहिलं खाली उतरवा. सही कुठाय याची?"

"ती राहिलीये," मी म्हटलं. "तुम्ही करायची आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग ओठ हलवत, आठ पूर्णांक चारला वीसने गुणलं. ते मला दिसत होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सत्तेचाळीस वर्षांचा," आत्या म्हणाली. "आणि ऑपरेटर एक नंबरचा आळशी."

"तू गप," बाबा म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि मिशी हलत होती. त्यांनी कागदावर नीट, बुकात करतात तशी पूर्ण सही केली. मग उठून पाकिटातून एक गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि पेन्सिलीने एक नवी रांग आखली. तिच्या डोक्यावर लिहिलं: गोळी.

पुढचे नऊ दिवस तो कागद फडताळाच्या आतल्या बाजूला खिळ्याला होता. नऊ दिवसांत एकही रिकामी चौकट नव्हती.

तपासणीच्या दिवशी मीही गेले. डॉक्टरीणबाईंकडे काट्याचं यंत्र होतं, गोल, पांढरं. त्यांनी पट्टा बांधला आणि कानाला नळ्या लावल्या. बाबांनी हात पुढे केला आणि काचेवर दोनदा टकटक केलं.

डॉक्टरीणबाईंनी कानातून एक नळी काढली. "काय झालं?"

"काही नाही. काटा अडकलेला नाही ना, बघितलं."

"नाही ना अडकलेला?"

"चांगला आहे. सांभाळून वापरता तुम्ही."

त्या हसल्या आणि पुन्हा नळी लावली. पट्टा फुगला, सुस्कारा सोडत सैल झाला. मी काट्याकडे बघत नव्हते, मी बाबांकडे बघत होते. ते भिंतीकडे बघत होते, जशी काही पलीकडे वाफ चालू आहे.

"एकशेअठ्ठावीस, ब्याऐंशी," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं: फिट. खाली क्रॉनिक हा शब्द तसाच होता. बाबांनी तो बघितला आणि पाहुण्याला ओळख द्यावी तशी मान हलवली.

ते सोमवारी पुन्हा बॉयलरवर गेले. संध्याकाळी आई इस्त्रीखात्यातून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "महिनाभर वाफ ओली येत होती. इस्त्रीखाली चादरींवर डाग पडायचे. आज कोरडी होती." तेवढ्यात तिला घरात बाबा दिसले, म्हणून तिने जोडलं, "जरा बरी होती."

मी फडताळ उघडलं. नव्या कागदावर त्या दिवसाची रांग भरलेली होती. गोळीच्या चौकटीत बरोबरची खूण, प्रेशर सहा पूर्णांक चार, शेवटी बाबांची पूर्ण सही. शेऱ्याच्या जागी त्यांनी बॉयलरच्या बुकात रोज लिहितात तेच लिहिलं होतं, 'सर्व ठीक'. आणि त्यापुढे, जागा कमी पडल्यामुळे बारीक अक्षरात: 'मुलगी जास्त बोलते. चालू ठेवावे.'