पत्त्यावर मिळून आला नाही

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात शेतीच्या अवजारांच्या नव्या दुकानाची फीत कापायला आलेल्या पाहुण्याला नगमानं लगेच ओळखलं. कुलदीप फौजदार! नऊ वर्षांपूर्वी तिचा भाऊ वकार याच माणसाच्या ठाण्यातल्या कोठडीत मार खाऊन मेला होता. खटला अमरावतीच्या कोर्टात होता. दर तारखेला त्याचं नाव पुकारलं जाई, पण उभं कुणीच राहत नसे. फौजदाराच्या नावाचं अटक वॉरंट मात्र अकरा वेळा परत आलं होतं, दर वेळी एकच शेरा घेऊन, 'पत्त्यावर मिळून आला नाही.'

आणि हा इथं गळ्यात हार घालून फोटो काढून घेत होता!

नगमा ब्लाउजांचं अस्तर घ्यायला आली होती. ते तसंच टाकून ती ठाण्यात धावली आणि पिशवीत कायम बाळगलेली बाराव्या वॉरंटची शिक्क्याची प्रत तिनं हवालदार संध्याबाईंपुढे ठेवली.

"ताई, तो आत्ता बाजारात हाये!"

"पण हे आमच्या ठाण्याचं नाही."

"खालची ओळ वाचा ना. कोन्याबी ठाण्यानं बजवावं, असं जजसाहेबानं लिहून देलं."

संध्याबाईंनी वाचलं, साहेबांना फोन लावला. "बघू," साहेब म्हणाले.

"बघू म्हनले, नको असं तं नाही म्हनले." संध्याबाईंनी टोपी उचलली. "तू पुढं जाय. त्याले गाडीत बसू देऊ नको. मी दोन मानसं घेऊन आलीच."

नगमा पळत सुटली. कुलदीप गाडीचं दार उघडत होता. ती मंडपात घुसली आणि तिनं माईकच हिसकावला.

"फौजदारसाहेब, थांबा! तुमच्या नावाचं वॉरंट हाये. पोलिसाले तुमी अकरा खेपा सापडले नाही, मले सापडले!"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात दुकानमालक नत्थुजी बोनेटसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, पोरगी काय म्हनते ते आयकून तर जा."

त्यांच्या मागं दहा-वीस माणसं उभी राहिली. तोवर संध्याबाई पोचल्या आणि हार तसाच गळ्यात असताना त्यांनी त्याच्यावर वॉरंट बजावलं.

दुपारी अमरावतीच्या कोर्टानं त्याला चौदा दिवस कोठडीत पाठवलं. साक्षी, उलटतपास, तारखा, सगळं अजून बाकी होतं. तरी पायऱ्या उतरताना नगमाला हसूही येत होतं, रडूही. तिनं घरी आईला, हलीमाबीला, फोन लावला.

"अम्मी, आज नाम पुकारा तो वो खडा हुआ!"