बातूच्या पायातली दोरी

एल्दोसला या उद्योगातून मिळणार काय होतं, ते आधी मांडून टाकते. जन्मभर लोकांचे जमाखर्च लिहिले, त्यामुळे माणूस समोर आला की मला त्याची जमेची बाजूच आधी दिसते. एल्दोसच्या जमेला येणार होतं ते एवढंच, की जगातला एक जीव तरी त्याच्यासारखा चालेल.

आमच्या कझाकांकडे पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी सैल बांधतात आणि एका माणसाच्या हातात कात्री देतात. दोरी जो कापेल त्याची चाल पोराला लागते. म्हणून माणूस पारखून घेतात. तरतरीत हवा, कर्तबगार हवा, चारचौघांत उठबस असलेला हवा. एल्दोसच्या बहिणीने, कामशातने, आपल्या बातूसाठी एल्दोसला निवडलं.

आता एल्दोस गुणी आहे, खोटं कशाला बोलू. पण तो खुर्चीतून उठतो तेव्हा खुर्चीलाच आश्चर्य वाटतं. आणि चारचौघांतली उठबस म्हणाल, तर चौघांपैकी दोघं आमच्या ऑफिसात आहेत: एक तो आणि एक मी. पूर्वी इथे खुर्च्या पुरत नसत. मग एकेक जण घरून काम करायला लागला, काही परदेशी गेले, मालक अस्तानात बसून फोनवर हाका मारतो. मी येते, कारण कंपनीचा शिक्का आणि कागद माझ्या कपाटात. एल्दोस येतो, कारण घरी त्याची वाट पाहणारा एक फ्रिज, आणि तोही मधूनमधून बंद पडतो.

कामशातचा फोन आला तेव्हा मी चहा ओतत होते. एल्दोसचे हात कायम कीबोर्डवर, त्यामुळे त्याचे सगळे फोन मोठ्याने चालतात. कान झाकायची मला सवय नाही.

"अगा," बहीण म्हणाली, आमच्यात थोरल्या भावाला अगा म्हणतात, "पाळण्याला तू आला नाहीस. चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला आला नाहीस. दोन्ही वेळा मी आठवण केली, दोन्ही वेळा हो हो म्हणालास."

"काम होतं, कामशात."

"काम कुणाला नसतं? सासरचे म्हणतायत, आमच्या बेइबितला कापू दे. टायर विकतो, अख्खं किझिलोर्दा ओळखतं त्याला. मी म्हटलं, नाही. माझ्या पोराला माझ्या भावाची चाल हवी. सगळ्यांसमोर तोंड वर करून म्हटलंय मी हे. तेव्हा या वेळी आठवण करणार नाही. आठवण करून आणलेला भाऊ मला नको. तारीख लिहून घे."

"घेतो."

"कुठे? हातावर?"

"नीट व्यवस्था करतो," एल्दोस म्हणाला.

या व्यवस्थेपायी पुढचं सगळं झालं. दुसरा कुणी असता तर त्याने कॅलेंडरवर गोल काढला असता, स्टेशनवर जाऊन तिकीट घेतलं असतं आणि मोकळा झाला असता. पण प्रोग्रामर म्हणजे अशी जात, की खिळा ठोकायला सांगितला तर आधी हातोडी घडवायला बसेल.

कोड लिहायचा त्याचा जो एडिटर आहे, त्यातच टिपणं आणि कामं ठेवायचं एक प्लगिन असतं म्हणे. एल्दोसने ते आणलं. मी विचारलं, "फोनमध्ये असतंच की असलं काहीतरी?"

"ते दुसऱ्याचं असतं, रौझा आपा. कंपनी बुडाली की आपल्या नोंदी बुडाल्या. हे साधा मजकूर आहे. नुसती अक्षरं. कुठल्याही यंत्रावर उघडा, पन्नास वर्षांनी उघडा."

"पन्नास वर्षांनी तुझी कामं कोण वाचणार आहे?"

तो हसला आणि पुन्हा कीबोर्डकडे वळला.

मग रोज चहाच्या वेळी मला प्रगती ऐकावी लागे. आधी प्लगिन बसलं, पण एडिटर उघडताना लाल अक्षरांत कुरकुरू लागलं; ते निस्तरण्यात दुपार गेली. मग त्याला सांगावं लागलं की फाइली कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या. मग कळा ठरवल्या: ही दाबली की नवी नोंद, ही दाबली की आठवड्याची कामं समोर. ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी टाकली की मोठं काम, दोन टाकल्या की त्याच्या पोटातलं. कामाच्या पुढे खुणेचा शब्द लिहायचा, आणि तो शब्द आपल्याला हवा तो ठरवता येतो. त्याने तीन ठरवले: करायचे, झाले, रद्द. शब्दांना रंग दिले. 'करायचे'चा निळा त्याला बरेच दिवस पटेना.

"आपा, हा निळा बघा आणि हा बघा. कुठला बरा?"

"दोन्ही एकच आहेत रे."

"नाही, हा थोडा थंड आहे."

"थंड नको. आधीच या खोलीत हीटर चालत नाही."

मला टिंगल सुचते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत तो खुशीत होता. यादीत त्याने काय काय भरलं होतं. झाडाला पाणी. दाताच्या डॉक्टरकडे जाणे. शाळेतल्या एका मित्राला फोन करणे, त्याचा नंबर शोधणे, ही त्याच्या पोटातली ओळ. आठवड्याची कामं उघडली की पडदा भरून जाई, आणि एल्दोस खुर्चीत मागे रेलून त्याकडे असा बघे, जसं कुणी पाहुण्यांनी भरलेल्या पंगतीकडे बघावं.

बातूच्या दोरीची नोंद त्याने माझ्यासमोर केली.

"तारखा दोन तऱ्हेच्या असतात," त्याने समजावलं. "एक मुदत. मुदत घातली की कितीतरी दिवस आधीपासून यादी बोंबलायला लागते, आलं, आलं, आलं. आणि दुसरी हाती घेण्याची तारीख. त्या दिवशी काम आपलं शांतपणे समोर येतं, त्याआधी नाही."

"मग याला मुदत घाल."

त्याने मान हलवली. "मुदत मालक घालतो, आपा. गिऱ्हाईक घालतं. लाल रंगात दिसते ती. बहिणीच्या घरच्या कार्याला मुदत कसली? तो आनंदाचा दिवस आहे. लाल नको."

आणि त्याने हाती घेण्याची तारीख घातली. त्या जवळजवळ थंड निळ्यात ओळ उमटली: करायचे, किझिलोर्दा, बातूची दोरी कापणे. त्याने ती दोनदा वाचली. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही; मला वाटलं, तिकीट त्याने काढलं असेल.

तरी मधे एकदा विचारलं, "तिकीट काढलंस का रे?"

"यादी सांगेल," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर केली. आता डोक्यात काही ठेवायचंच नाही."

आणि खरोखर त्याने ठेवलं नाही. एकट्या माणसाचे दिवस असेही एकमेकांत मिसळलेले असतात. मंगळवारला शुक्रवारपासून वेगळं करणारं घरात कुणी नसतं. ते काम आता यंत्राकडे होतं, आणि यंत्राने जे सांगितलं होतं ते चोख पाळलं.

त्या सकाळी मी कोट काढत होते. एल्दोस पडद्यासमोर उभा होता. बसलेला नाही, उभा.

"आपा," तो म्हणाला, "आजचं आलंय."

"काय आलंय?"

त्याने बोट ठेवलं. ती निळी ओळ. आज.

किझिलोर्दाची गाडी रात्रभर चालते, आणि उजाडल्यावरही बराच वेळ चालतच राहते. ती काल निघाली होती. सकाळचं विमान कधीच उडालं होतं. कार्य दुपारी. मी काही बोलायच्या आत फोन वाजला.

"अगा, कुठवर आलास?" मागे भांड्यांचा, बायकांचा, कुणाच्या तरी दोंब्राच्या तारांचा आवाज. "स्टेशनवर गाडी पाठवू? की गाडीला उशीर आहे?"

"कामशात, मी ऑफिसात आहे."

"कुठल्या ऑफिसात?"

"अल्माटीत."

भांडी वाजत राहिली. मग तिने फोन घेऊन कुठलं तरी दार ओढलं असावं, कारण आवाज एकदम कमी झाले.

"विसरलास?"

"नाही. लिहिलं होतं. आजच्या तारखेला लिहिलं होतं, ते आज दिसलं."

"म्हणजे आज कळलं तुला की आज आहे."

"उद्यापर्यंत..."

"पाहुणे बसलेत, अगा. अराल्स्कहून लोक आलेत. मांस चुलीवरून उतरलंय."  मला वाटलं आता बोल लावेल; लावायला हवे होते, भावाला ते सोपं गेलं असतं. पण तिने विचारलं, "जेवलास का काही?"

"नाही."

"जेवून घे. बेइबित इथेच आहे," ती म्हणाली, आणि ठेवला.

मी माझ्या डब्यातला मांस भरलेला सामसा गरम करून त्याच्यापुढे ठेवला. तो तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी कुणा नातेवाइकाने चित्रफीत पाठवली. एल्दोसने ती मला दाखवली, कारण दाखवायला दुसरं होतं कोण. अंगणात पांढरं कापड अंथरलेलं, त्यावर बातू, दोन्ही हातांना दोन बायकांनी धरलेला. बेइबितने सुरी मिरवावी तशी कात्री मिरवली आणि दोरी कापली. पोर तरातरा पाच-सहा पावलं गेलं आणि हसत आपटलं. चाल चांगली होती. कापणाऱ्याला द्यायचा भरजरी झगा कामशातने भावाच्या मापाने शिवला होता. बेइबितचे दंड त्यात शिरेनात, म्हणून तो नुसता खांद्यावर टाकून सगळीकडे फिरत होता. कामशात एका कडेला उभी होती. सासूने तिच्या कानाशी लागून काही म्हटलं. कामशातने मान डोलावली आणि चहाची भांडी गोळा करायला वाकली.

"इथे थांबवू का?" मी विचारलं.

"नको. पुन्हा लावा. तो चालतो तिथून."

नंतर रोज सकाळी यादी उघडली की ती ओळ वर येई. राहिलेलं काम प्लगिन सोडत नाही. दिवस उलटला की पुढच्या दिवशी हजर, किती दिवस झाले ते सांगत. शाळेतल्या मित्राची ओळही तशीच मागे मागे सरकत होती. एल्दोस दोन्ही ओळींना हात लावत नसे.

"मिटवून टाक ना ती," मी म्हटलं.

"कसं मिटवू? झाले म्हणू? मी केलं नाही. रद्द म्हणू? ते तर झालं."

"मग चौथा शब्द बनव. हवा तो बनवता येतो म्हणाला होतास."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग सेटिंगची फाइल उघडली आणि 'झाले' आणि 'रद्द' यांच्या शेजारी नवा शब्द लिहिला: दुसऱ्याने केले. या वेळी रंग निवडला नाही. कळ दाबली, ओळ राखाडी झाली आणि यादीतून उतरली. पडदा अचानक मोकळा दिसायला लागला.

मग कामशातचा निरोप आला: कार्याचा वानोळा गाडीने पाठवलाय, रेल्वेच्या डब्यावर देखरेखीला असते त्या बाईकडून घे. त्याची नोंद एल्दोसने मुदत घालून केली. यादी लाल होऊन बोंबलत राहिली, आणि तो इतका आधी स्टेशनवर पोचला की गाडी कुठल्या फलाटावर येणार ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पिशवीत कणकेचे तळलेले बाउर्साक होते, घोड्याच्या मांसाचा तुकडा, गोळ्या, आणि काळ्यापांढऱ्या दोरीचा एक कापलेला अर्धा भाग, कागदात गुंडाळून. चिठ्ठी नव्हती. बाउर्साक त्याने ऑफिसात आणले; वाटायला निघाला तर पुन्हा मीच.

दोरी त्याच्या पडद्याच्या पायाशी पडलेली असते. परवा मी पाहिलं, यादीत त्याने बातूच्या सुंतेची नोंद केली आहे, आणखी चार वर्षांनंतरची, मुदत घालून. त्या कार्याला त्याला अजून कुणी बोलावलेलं नाही.

तर हिशेब असा. बातूला चाल मिळाली, आणि मेली ती चांगलीच निघाली. बेइबितला झगा मिळाला, तो त्याला होत नाही. मला बाउर्साक मिळाले. एल्दोसला मिळायचं होतं ते त्याच्याकडे आधीही नव्हतं, त्यामुळे त्याचं खातं होतं तसं. सासरी तोंड वर करून दिलेला शब्द गेला, तो कामशातचा. आणि एल्दोसने स्टेशनवर डब्यावरच्या बाईला आणणावळीचे पैसे पुढे केले, तेव्हा ती म्हणाली, राहू दे, तुझ्या बहिणीने तिथेच दिलेत.